मांडीवरची गाठ, सार्कोमा आणि "मोठ्या हॉस्पिटलला कधी पाठवायचं" : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्ह्याच्या गावात जनरल सर्जरी करतो. गाठी काढणं हे आमचं रोजचं काम आणि त्यातल्या बहुतेक खरंच साध्या निघतात. पण अधूनमधून एखादी सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघते, आणि ती माझ्यापर्यंत येते तेव्हा बऱ्याचदा तिला कुणीतरी आधीच सुरी लावलेली असते. पेशंट, नातेवाईक आणि आमचे ज्युनिअर डॉक्टर जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. यात मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे: सार्कोमाच्या पेशंटचं पुढे काय होणार हे पुष्कळसं पहिल्या ऑपरेशनवर ठरतं, त्यामुळे गाठीला हात लागायच्या आधीच पेशंट योग्य जागी पोचला पाहिजे, नंतर नाही.

सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणजे काय हो? कॅन्सरच ना?

हो, कॅन्सरच. पण तोंडाचा, स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर जसा अस्तरातून सुरू होतो तसा हा होत नाही, हा स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या असल्या मऊ भागातून होतो. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमधे याचा वाटा साधारण १ टक्का. आणि त्या १ टक्क्यात परत ५० च्या वर प्रकार, लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा वगैरे, प्रत्येकाचं वागणं निराळं. शरीरात कुठेही होऊ शकतो पण सगळ्यात जास्त हातापायात, त्यातही मांडीत.

मग अंगावर गाठ दिसली की लगेच घाबरायचं का?

अजिबात नाही. अशा गाठींमधे साध्या गाठी आणि सार्कोमा यांचं प्रमाण शंभराला एक इतकं तरी आहे, म्हणजे तुमच्या पाठीवर दहा वर्षं तशीच असलेली मऊ चरबीची गाठ ही चरबीचीच गाठ असणार. मात्र चार गोष्टींपैकी एक जरी असली तर थांबून नीट बघायचं. गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी आहे, म्हणजे मोठ्या लिंबाच्या पुढे गेली आहे. गाठ वाढतेय. गाठ खोल आहे, म्हणजे स्नायू आवळला की ती हलायची बंद होते किंवा आत दडल्यासारखी होते. किंवा आधी एकदा काढली होती आणि त्याच जागी परत आली. दुखणं हेही एक लक्षण धरतात, पण त्याच्यावर विसंबून राहू नका कारण पुष्कळ सार्कोमा दुखतच नाहीत.

दुखत नाही, कामात अडथळा नाही, मग कशाला दाखवायची?

उशीर इथेच होतो. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजार, न दुखणारी गाठ म्हणजे आवाळू, असं डोक्यात पक्कं बसलेलं आहे. शेतावर काम करणारा माणूस मांडीवरची गाठ महिनोन्महिने अंगावर काढतो, पेरणी होऊ दे, मग काढणी होऊ दे, मग पोरीचं लग्न होऊ दे असं करत करत. बायकांच्या बाबतीत तर आणखी उशीर, कारण मांडीवरची किंवा कुल्ल्यावरची गाठ घरात सांगायचीच लाज वाटते. त्यात कुणीतरी लेप सांगतं, कुणी मालिश सांगतं. सार्कोमाच्या गाठीवर जोरजोरात मालिश करणं ही फारच वाईट गोष्ट आहे, कृपा करून करू नका, आणि "मुका मार लागला होता तिथलं रक्त साकळलंय" असं म्हणून गाठ वाढत असतानाही शेकत बसू नका. मार लागल्यावर साकळलेलं रक्त काही आठवड्यात कमी व्हायला लागतं. जे कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय ते रक्त नाही असंच धरून चालायचं.

आमचे डॉक्टर म्हणाले साधी गाठ आहे, जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काढून देतो. काढून घेऊ का?

छोटी, वरवरची, मऊ, बोटाखाली सहज हलणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर खुशाल घ्या. वर सांगितलेल्यातलं एक जरी लक्षण असेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, आधी सोनोग्राफी करू या का?" चांगला डॉक्टर यावर चिडणार नाही. इंग्लंडमधे तर २०१५ पासून लेखी मार्गदर्शन आहे की मोठ्या माणसाची कारण न कळणारी गाठ वाढत असेल तर दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी करा, आणि त्यात शंका आली किंवा रिपोर्ट स्पष्ट नसला तर सरळ कॅन्सरच्या मार्गाने पाठवा. आपल्याकडे सोनोग्राफी तालुक्याला मिळते आणि एमआरआयच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे, म्हणजे ही पायरी तरी पैशासाठी अडायला नको.

आधी गाठ काढू, रिपोर्ट येऊ दे, कॅन्सर निघाला तर जाऊ ना मुंबईला. यात काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सार्कोमाच्या भोवती एक पापुद्रा दिसतो. सर्जनला वाटतं वा, किती छान वेगळी गाठ आहे, बोटाने सोलून अख्खी बाहेर येतेय. पण तो पापुद्रा खरा नसतो, वाढणाऱ्या गाठीने आजूबाजूचा टिश्यू दाबला जाऊन तो तयार झालेला असतो आणि त्याच्या आत-बाहेर कॅन्सरच्या पेशी पसरलेल्या असतात. म्हणजे सोलून काढलेली गाठ डोळ्यांना पूर्ण दिसली तरी मागे पेशी राहतात. असं अजाणता झालेलं ऑपरेशन जेव्हा नंतर सेंटरमधे, म्हणजे सार्कोमाची खास टीम असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमधे, नीट परत करतात तेव्हा वेगवेगळ्या हॉस्पिटलच्या अनुभवात एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त पेशंटमधे उरलेला कॅन्सर सापडलेला आहे, आणि यातल्या कितीतरी जणांच्या डिस्चार्ज कार्डवर "गाठ पूर्ण काढली" असंच लिहिलेलं होतं.

दुसरं म्हणजे आता कॅन्सरची जागा नुसती गाठीएवढी राहिली नाही. जिथे जिथे सुरी गेली, रक्त पसरलं, टाके पडले, ड्रेनची नळी बाहेर आली, ते सगळंच दूषित समजून काढावं लागतं. मांडीवर आडवा छेद घेतलेला असला तर दुरुस्तीच्या ऑपरेशनमधे कातडीचा केवढा तरी मोठा पट्टा जातो, मग प्लास्टिक सर्जनला बोलवा, दुसरीकडची कातडी किंवा स्नायू आणून लावा. हाच छेद पायाच्या लांबीच्या दिशेने असता तर यातलं बरंच टळलं असतं.

तिसरी गोष्ट, गाठ जागेवर असताना एमआरआय नकाशा देतो, ती नसेला किती चिकटली आहे, कुठल्या स्नायूत आहे, हाडापासून किती लांब आहे. गाठ काढून टाकल्यावर तो नकाशा गेला. नंतरच्या एमआरआयमधे सूज, रक्त, पाणी असं सगळं एकत्र दिसतं आणि त्यात उरलेला कॅन्सर ओळखणं फार अवघड होऊन बसतं.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात, म्हणून आम्ही बायोप्सीला नको म्हटलं

ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते, आणि गंमत नाही, या एका भीतीमुळे लोक सुई टाळतात आणि सरळ सुरीला हो म्हणतात. नीट ठरवून केलेल्या ट्रू-कट बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने तुकडा घेतात त्यात, धोका अगदी थोडा असतो, त्यात पुढे ऑपरेशन करणारा सर्जन सुईची जागा आधीच ठरवतो आणि लागलं तर तो मार्ग ऑपरेशनच्या वेळी गाठीबरोबर काढूनही टाकतो. म्हणून सुई कोण मारतं, कुठून मारतं याला महत्त्व आहे.

अमेरिकेतले हाडांच्या गाठींचे सर्जन हेन्री मॅनकिन यांनी १९८२ साली ३२९ पेशंटच्या बायोप्सी तपासल्या, हाडाच्या आणि सॉफ्ट टिश्यूच्या दोन्ही. त्यातल्या ४.५ टक्के लोकांचा हातपाय नुसत्या बायोप्सी चुकल्यामुळे, एरवी गरज नसताना, कापावा लागला होता. १९९६ साली त्यांनी ५९७ पेशंटवर परत तेच पाहिलं. बायोप्सी सेंटरमधे न होता पाठवणाऱ्या हॉस्पिटलमधे झाली असेल तर चुका, गुंतागुंत आणि त्यामुळे बिघडलेले निकाल दोन ते बारा पट जास्त होते. म्हणजे मधल्या चौदा वर्षांत सगळ्यांना हे माहीत होऊनसुद्धा फारसं काही बदललं नव्हतं, आणि मला विचाराल तर आपल्या लहान गावांतून अजूनही तेच चाललंय.

क्रम लक्षात ठेवा: आधी एमआरआय, मग बायोप्सी, मग सगळ्यांनी बसून ठरवणं, मग ऑपरेशन. एमआरआय बायोप्सीच्या आधी, कारण सुईने आत रक्त झालं की चित्र बिघडतं.

एफएनएसीमधे "कॅन्सरच्या पेशी नाहीत" आलंय. सुटलो ना?

नाही. एफएनएसी म्हणजे बारीक सुईची तपासणी, तिच्यात मोजक्या सुट्या पेशी येतात, टिश्यूची रचना येत नाही, आणि सार्कोमाचा प्रकार नि ग्रेड, म्हणजे तो किती जोरात वाढणारा आहे, हे ठरवायला रचनाच लागते. मोठी, खोल, वाढणारी गाठ असेल आणि एफएनएसी निगेटिव्ह असेल तर ट्रू-कट लागणारच.

डॉक्टर वेळेत रेफर का करत नाहीत? कमिशन, पैसा, हेच ना?

कुठे कुठे पैशाचा विचार असतोही, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा कारण ते नसतं, आणि सगळा दोष लालचेवर टाकला की खरी कारणं दिसायची बंद होतात.

पहिलं कारण, हा आजार दुर्मीळ आहे. फॅमिली डॉक्टरला आख्ख्या प्रॅक्टिसमधे एक-दोन सार्कोमा दिसतात, आणि त्या दिसेपर्यंत त्याने शेकडो चरबीच्या गाठी पाहिलेल्या असतात. त्याचा हात, त्याची नजर सगळी साध्या गाठीवर तयार झालेली. आमच्या शिक्षणातसुद्धा सार्कोमावर एखाद-दुसरं लेक्चर होतं, लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, काढायला मात्र इंटर्नशिपमधेच मिळतो.

दुसरं, आपल्याकडे टीबी आहे. मांडीत, पाठीत, जांघेत फुगीर गाठ दिसली की थंड गळू वाटतं, चीर देऊन निचरा करतात, पू येत नाही, रक्ताळ मऊ काहीतरी येतं, आणि तोवर व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. हे इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकात फारसं सापडणार नाही, पण इथे घडतं.

तिसरं, पेशंटचा रेटा. "आलोच आहे तर काढून टाका ना, परत कोण येणार" असं म्हणणारे दहातले सात. सर्जनने एमआरआय सांगितला की लोक शेजारच्या दवाखान्यात जातात आणि तिथे काढून घेतात, मग त्या सर्जनलाही वाटायला लागतं की आपण उगाच पेशंट घालवला.

चौथं, गाठीचा स्वभावच फसवा असतो. मोठी खोल गाठ बघून सर्जन तरी सावध होतो, पण छोटी, कातडीखालची, ३ सेंमीची सार्कोमा असली की कुणालाच शंका येत नाही. अजाणता काढलेल्या गाठींमधे या छोट्या वरवरच्या गाठींचा भरणा म्हणूनच जास्त असतो.

पाचवं, पाठवायचं कुठे हेच माहीत नसतं. छातीत दुखलं तर कुठे पाठवायचं हे तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ आहे, कुणाला फोन करायचा तेही. मांडीच्या गाठीसाठी कुणाला फोन करायचा? ऑर्थोपेडिक, जनरल सर्जन, कॅन्सर सर्जन? फोन नंबर नाही, ओळख नाही, पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं याची परत चिठ्ठी येत नाही, मग पुढच्या वेळेला पाठवायची इच्छाही कमी होते. हे शेवटचं सेंटरवाल्यांनी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. दोन ओळींचा मेसेज आला ना की "तुम्ही पाठवलेली गाठ सार्कोमाच होती, बरं झालं हात लावला नाहीत", तर तो डॉक्टर पुढची प्रत्येक खोल गाठ पाठवेल.

हे दुसऱ्या देशांनी सोडवलंय का?

बऱ्यापैकी. दक्षिण स्वीडनमधे लुंडच्या सेंटरने १९७० च्या दशकापासून साधा नियम सगळ्या डॉक्टरांना दिला: खोलवरची कुठलीही गाठ, कितीही लहान असो, आणि कातडीखालची ५ सेंमीपेक्षा मोठी गाठ, ऑपरेशन न करता आमच्याकडे पाठवा. निदान करून पाठवा असं नाही म्हटलं, नुसती पाठवा म्हटलं, यात सगळं आलं. फ्रान्सने २०१० पासून सार्कोमा सेंटरचं जाळं उभं केलं आणि २०१७ साली १२,५२८ पेशंटचा हिशोब छापला. ज्यांची केस उपचाराच्या आधी सेंटरच्या टीमसमोर चर्चेला आली होती त्यांच्यात आधी स्कॅन आणि बायोप्सी होण्याचं प्रमाण जास्त होतं आणि आजार परत येण्याचं प्रमाण कमी.

आपल्याकडे कुठे जायचं?

परळच्या टाटा मेमोरियलमधे हाड आणि सॉफ्ट टिश्यूच्या गाठींसाठी वेगळी टीमच आहे. पण दर वेळी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, पुण्यात मोठी हॉस्पिटलं आहेत, गोव्याच्या लोकांना बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, त्यात देशभरची कॅन्सर हॉस्पिटलं एकमेकांना जोडलेली आहेत, आणि "नव्या" नावाच्या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं मत घेता येतं. म्हणजे सातशे किलोमीटर प्रवास करायच्या आधी निदान प्रवास लागणार का हे तरी कळतं.

कुठेही गेलात तरी तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे सार्कोमाच्या किती केस होतात? माझी केस सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून बघणार का? बायोप्सी कोण करणार, ऑपरेशन करणारेच सर्जन ठरवणार का? हॉस्पिटलची इमारत किती मोठी आहे यापेक्षा या उत्तरांवर जास्त भरवसा ठेवा.

डॉक्टरांची चिठ्ठी नाही म्हणून मात्र घरी थांबू नका.

गाठ काढून झाली आणि रिपोर्टमधे सार्कोमा आलाय. आता सगळं संपलं का?

नाही, मुळीच नाही. हे फार लोक विचारतात म्हणून नीट सांगतो. अजाणता ऑपरेशन झालेल्या पुष्कळ लोकांचं पुढे सेंटरमधे नीट परत ऑपरेशन होतं, लागलं तर रेडिएशन मिळतं आणि ते चांगले राहतात. फक्त उपचार मोठे होतात, आणि आता उशीर करून चालत नाही.

पहिल्यांदा पहिल्या हॉस्पिटलमधून सगळं गोळा करा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, म्हणजे गाठ किती खोल होती, अख्खी निघाली की तुकड्यांत निघाली, ऑपरेशनआधीची सोनोग्राफी किंवा स्कॅन असेल तर त्याची सीडी, आणि पॅथॉलॉजीच्या लॅबमधून गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड दोन्ही. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन गेलात तर ब्लॉक आणायला परत पाठवतात, त्यात आठ-पंधरा दिवस जातात. गाठीचा ऑपरेशनआधीचा फोटो कुणाच्या मोबाइलमधे असेल तर तोही जपून ठेवा, सर्जनला खरंच उपयोग होतो.

दुसरं, त्याच डॉक्टरांकडे "जरा आणखी थोडं काढून टाका" असं म्हणून परत ऑपरेशन करून घेऊ नका. आणि भांडत बसू नका. राग येणं साहजिक आहे, पण आत्ता त्या डॉक्टरांची ऑपरेशन नोट तुम्हाला हवी आहे, ती शांतपणे घ्या.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवलीच नव्हती असंही ऐकायला मिळतं, खर्च वाचवायला म्हणून. कितीही साधी वाटली तरी शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेली पाहिजे, हे पेशंटनेच विचारून घ्यायचं.

रिपोर्ट आहे ना आमच्याकडे, मग स्लाइड परत का वाचतात? पैसे काढायला?

नाही हो. ५० च्या वर प्रकार, प्रत्येक दुर्मीळ, साध्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टने त्यातले कित्येक कधी पाहिलेलेच नसतात. फ्रान्समधे तज्ज्ञांनी परत वाचल्यावर चाळीस टक्क्यांच्या वर रिपोर्टमधे काही ना काही बदल झाला, कुठे ग्रेड, कुठे प्रकार, आणि थोड्यांमधे तर आजारच वेगळा निघाला. काही ठिकाणी साध्या गाठीला सार्कोमा म्हटलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या वाचनात चांगली बातमीही येऊ शकते.

पाय कापावा लागेल का?

बहुतेकांना नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने ४३ पेशंटवर केलेली तुलना १९८२ साली छापून आली: काहींचा हातपाय कापला, काहींची फक्त गाठ नीट काढून रेडिएशन दिलं. पाय वाचवलेल्यांत चार जणांना त्याच जागी गाठ परत आली, पण जगण्यात दोन्हीकडे फरक पडला नाही. तेव्हापासून हातपाय वाचवणं हाच नेहमीचा मार्ग झाला. आज पाय कापायची वेळ येते ती मुख्य नसा-रक्तवाहिन्या पूर्ण वेढल्या गेल्या असतील तेव्हा, किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे सगळीकडे पसरलं असेल तेव्हा. "मुंबईला गेलं की पाय कापतात" या भीतीने लोक गावातच गाठ काढून घेतात, आणि पाय जायची शक्यता त्यानेच वाढते.

सेंटरने ऑपरेशनआधी पाच आठवडे रेडिएशन सांगितलं, गाठ तशीच ठेवून. वेळ वाया नाही का जात?

नाही. कॅनडात झालेल्या, २००२ साली छापलेल्या तुलनेत आधी रेडिएशन दिलेल्यांना ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) डोस लागला आणि नंतर दिलेल्यांना ६६. आधी दिल्यावर जखम चिघळायचं प्रमाण जास्त, ३५ टक्के, नंतर दिल्यावर १७ टक्के. पण नंतर दिलेल्या जास्त डोसमुळे पाय कडक होणं, सूज राहणं असले कायमचे त्रास वाढतात. कुठला मार्ग कुणाला, हे गाठीची जागा बघून टीम ठरवते. सांगायचा मुद्दा इतकाच की हा पर्याय फक्त गाठ जागेवर असेल तरच नीट मिळतो.

छातीचा सीटी कशाला? खोकलासुद्धा नाही

सार्कोमा पसरतो तो बहुतेक वेळा फुफ्फुसात, आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून.

पोटातल्या गाठीचं काय?

पोटाच्या मागच्या बाजूला, किडनीजवळ होणारा सार्कोमा जागा भरपूर असल्यामुळे प्रचंड मोठा होईपर्यंत कळत नाही. पँट घट्ट होते, पोट सुटलंय असं वाटतं. सीटीमधे तिथे मोठी गाठ दिसली की "पोट उघडून बघू" असं म्हणणाऱ्या सर्जनला थांबवा. इथे पहिलं ऑपरेशन हीच खरी संधी असते, कधी किडनी आणि आतड्याचा भाग गाठीबरोबर एकत्र काढावा लागतो, आणि अर्धवट काढलेली गाठ पोटात परत येते. अशा गाठीची सुई-बायोप्सी पाठीच्या बाजूने, सीटीत बघत करतात.

आणि लहान मुलांचं?

मुलांच्या गाठी सर्जनकडे राहू द्यायच्याच नाहीत, सरळ मुलांच्या कॅन्सरच्या विभागात. त्यांच्यातला नेहमीचा प्रकार, रॅब्डोमायोसार्कोमा, केमोला चांगला दबतो आणि पुष्कळदा केमो आधी, ऑपरेशन नंतर असा क्रम असतो.

खर्चाचं काय? एमआरआयलाच पैसे नाहीत

हा सगळ्यात खरा अडथळा आहे आणि यावर गोड बोलून भागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन येतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि योजनेतल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा त्यालाच भेटा. पण निदान होईपर्यंतच्या तपासण्या, तो पहिला एमआरआय, ती बायोप्सी, पुष्कळदा खिशातूनच जाते, आणि गरीब माणूस नेमका तिथेच अडतो. सरकारी मेडिकल कॉलेजमधे एमआरआय कमी पैशात होतो, नंबर लागायला वेळ लागतो, तरी खाजगी दवाखान्यात गाठ काढायला जेवढे पैसे देणार होतात त्यात बऱ्याचदा हा एमआरआय बसतो, हा हिशोब पेशंटसमोर मांडला की लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

प्रवासासाठी, कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीला तिकीट माफ आहे आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म लागतो. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठी वर्षानुवर्षं काम करते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात गेलात की आणखीही जागा आणि मदत करणाऱ्या ट्रस्टची माहिती मिळते, विचारायची लाज वाटून घेऊ नका.

मी जनरल सर्जन किंवा फॅमिली डॉक्टर आहे. पाठवताना काय लिहू?

गाठ कधीपासून, किती वाढली, सेंमीमधे मोजून किती, कातडीखाली की खोल, आधी काही केलंय का. हाताची-पायाची नस आणि नाडी तपासलीत ते. सोनोग्राफी झाली असेल तर ती सोबत. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या. आणि वरती मोठ्या अक्षरात "सार्कोमाची शंका, बायोप्सी केलेली नाही", या एका ओळीने तिकडे पेशंटचा नंबर लवकर लागायला मदत होते. निदान करायची जबाबदारी तुमची नाही, शंका घ्यायची तेवढी आहे.

आणि ऑपरेशन टेबलवर लायपोमा म्हणून उघडलं आणि आत भलतंच, करडं-गुलाबी, भरीव काहीतरी दिसलं तर पुढे जाऊ नका. छोटा तुकडा घ्या, रक्त नीट थांबवा, त्याच छेदातून बंद करा, ड्रेन लागलाच तर छेदाच्या टोकाजवळ त्याच रेषेत काढा, आणि पाठवा. नातेवाईकांना खरं सांगा की आत वेगळं दिसलं म्हणून थांबलो. थांबलेल्या सर्जनबद्दल लोकांना नंतर आदरच वाटतो.

हातापायावर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, लावायची झाली तर आधी पट्टा गुंडाळून रक्त वर ढकलू नका, नुसता हातपाय उचलून धरा.

ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं. आता दर वेळी मुंबईला जायचं का?

जोरात वाढणाऱ्या, हाय-ग्रेड गाठीसाठी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. त्यात जागेची तपासणी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी. यातल्या काही फेऱ्या सेंटरला विचारून गावाजवळच्या सर्जनकडे करता येतात, रिपोर्ट तिकडे कळवता येतात. फेरी चुकवू नका, आणि मधे कधीही त्या जागी काही हाताला लागलं तर तारखेची वाट न बघता फोन करा.